कराडच्या लोखंडवाल्यापासून सुरुवात : एका पुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2024

गुरुजींच्या घरी बैठक झाली. पुस्तक करायचे हे आज पक्के ठरले. विषय प्राचीन दख्खन, म्हणजे मुख्यतः दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांचा काळ. वाचक परदेशी. गोदावरी कुठे वाहते हेही ज्याला ठाऊक नाही, असा वाचक समोर धरायचा. आधी मराठीत लिहायचे, सगळ्यांनी त्यावर मनसोक्त भांडायचे आणि मग इंग्रजीत न्यायचे. पाने 96, म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे. छापखानावाल्या काकांनी बजावले आहे की सातवा फर्मा मागायचा नाही.

हे पुस्तक का, तेही लिहून ठेवते. कासची फुले बघायला परदेशी पाहुणे येतात, पुण्यात शिकणारी मुले सुट्टीत साताऱ्याला येतात, आता तर आपल्या नात्यागोत्यातच परदेशी जावई आणि सुना आहेत. अजिंक्यतारा बघून झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : शिवाजी महाराजांच्या आधी इथे काय होते? आपण उत्तरादाखल अजिंठ्याचे नाव घेतो आणि गप्प बसतो. हातात द्यायला काही नसते.

काम वाटून घेतले. शिलालेख वाचणे आणि तपासणे गुरुजींकडे, चित्रे ताईंकडे, हिशेब आणि पत्रव्यवहार बँकेतून निवृत्त झालेल्या आप्पांकडे. मजकूर माझ्याकडे.

16 जून

गुरुजींनी आराखडा आणला. पहिले प्रकरण राजवंश : सिमुक, कृष्ण, सातकर्णी आणि पुढे. चाळीस वर्षे वर्गात असेच शिकवले, त्यामुळे त्यांचा आग्रह समजतो. पण मला हे पटत नाही आणि मी तसे स्पष्ट बोलले.

एक तर ही यादीच डळमळीत आहे. पुराणापुराणांत राजांची संख्या वेगळी, राज्यकाळाची वर्षे वेगळी. घराण्याची सुरुवात कोणी इ. स. पू. तिसऱ्या शतकात नेतो, कोणी पहिल्या शतकात. आपण पहिल्याच पानावर हा वाद मांडला तर बाहेरचा वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. दुसरे म्हणजे, या काळाने आपल्यासाठी राजांपेक्षा कितीतरी जास्त साध्या माणसांची नावे दगडावर ठेवली आहेत. सुतार, माळी, वैद्य, लेखनिक, सुगंधी वस्तू विकणारे गांधिक, भिक्खुणी. त्या काळच्या जगात किती ठिकाणी असे होते? ही आपली खरी श्रीमंती, आणि ती आपण परिशिष्टात टाकणार?

गुरुजी म्हणाले, "बाई, राजा सोडून इतिहास म्हणजे कणा काढलेला माणूस." मी म्हणाले, "राजा येईल गुरुजी, पण माणसांच्या मागून." निर्णय झाला नाही.

6 जुलै

चार दिवस पावसाला खळ नाही. व्यापाराचे प्रकरण लिहायला घेतले.

इ. स. पहिल्या शतकातली ग्रीक भाषेतली एक नाविक-पुस्तिका आहे, 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्याचे नाव कळत नाही, पण तो व्यापाऱ्याच्या नजरेने बोलतो. बारिगाझा म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड, तगरहून साधे कापड आणि तलम कापड, हे सगळे गाड्यांवर लादून अवघड मुलखातून भडोचला उतरते असे तो सांगतो. कल्याण आणि चौल ही बंदरे त्याला ठाऊक आहेत. इजिप्तहून भारताकडे जहाजे जुलैच्या सुमारास निघत, हेही त्यात आहे.

म्हणजे आत्ता आमच्या पत्र्यावर जो कोसळतो आहे तोच नैऋत्येचा वारा त्यांची शिडे भरत होता. हे वाक्य पुस्तकात ठेवले आहे. युरोपातल्या वाचकाला मान्सून म्हणजे शेतकऱ्याचा पाऊस एवढेच माहीत असते. तो समुद्रावरचा रस्ताही होता हे पहिल्या दहा ओळींत कळले पाहिजे.

ग्रीक भूगोलकार टॉलेमीने इ. स. दुसऱ्या शतकात पैठणचा उल्लेख 'सिरि पुळुमावी'च्या राजधानीचे शहर म्हणून केला आहे. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला आपल्या राजाचे नाव ठाऊक होते. राजा इथे आणायचा, नकाशाच्या अंगाने. गुरुजींना ही कल्पना थोडी पटलेली दिसते.

21 जुलै

वाघनखे लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली आहेत. रांगा लागल्या आहेत, लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक येत आहेत. आम्हीही जाऊन आलो. बघताना डोळे भरून आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

रांगेतच ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारले, साताऱ्यात राहून तुम्ही परदेशी लोकांना सातवाहन काय सांगता, छत्रपती सांगा की! प्रश्न रास्त आहे, ही तर छत्रपतींची राजधानी. मी त्यांना सांगितले ते इथेही नोंदवते. महाराजांवर इंग्रजीत वाचायला बरेच आहे आणि आणखीही होईल. पण सह्याद्रीचे हे घाट, ही बंदरे, किनारा आणि देश यांना जोडणारी ही वाट महाराजांच्या आधी दीड हजार वर्षांपासून चालू होती. ती वाट ज्याला दिसली त्याला स्वराज्याचा भूगोलही अधिक समजेल. गृहस्थांनी मान डोलावली आणि एक प्रत आगाऊ मागितली.

11 ऑगस्ट

आगाशिव. कराडजवळ जखिणवाडीच्या वरचा डोंगर. पाऊस थांबून थांबून येत होता, वाट निसरडी. ताईंनी छत्रीखाली बसून रेखाटने केली.

साठाहून अधिक लेणी आहेत इथे, पण कार्ले-अजिंठा पाहिलेला माणूस आधी निराश होतो. खडक ठिसूळ, नक्षी जवळजवळ नाही. लहान लहान खोल्या, दगडातच ठेवलेले ओटे, पाण्याची टाकी. एका चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, दर्शनी बाजूला कोरलेले स्तंभ आहेत, एकावर चक्र, दुसऱ्यावर सिंह. संघमित्र नावाच्या माणसाने लेणे दिल्याचा छोटा लेखही आहे.

ताई म्हणाल्या, हे साधेपणच मला काढायचे आहे. बरोबर आहे. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह बघून परदेशी वाचक थक्क होईल, पण इथे त्याला कळेल की भिक्खू राहत कसे : दोन पावलांची खोली, निजायला ओटा, प्यायला टाक्यातले पाणी आणि समोर कृष्णा-कोयनेचे खोरे.

उतरताना गुरुजींनी कराडची गोष्ट काढली. मध्य प्रदेशात भरहुतचा स्तूप आहे, कनिंगहॅमने 1873 मध्ये शोधला, त्याचे कठडे आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्या कठड्यावर 'करहकट' या निगमाचे, म्हणजे आख्ख्या व्यापारी गावाचे, दान नोंदलेले आहे. करहकट म्हणजे कराड. सरळ रेषेत मोजले तरी हजारएक किलोमीटर होतात. आणि कोकणात कुडे इथे एक लेणे आहे, ते कराडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले. त्याचे नाव महिक.

मी वाटेतच थांबले. म्हटले, गुरुजी, हेच पहिले प्रकरण.

या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "आधी कुड्याला जाऊन लेख डोळ्यांनी बघू, मग बोलू."

1 सप्टेंबर

वाईला दिवसभर. विश्वकोशाचे खंड घेऊन बसले होते. सातवाहनांवरची, लेण्यांवरची, नाण्यांवरची टिपणे पूर्ण झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या गावात बसून असले काम करताना हात आपोआप जपून चालतो. शंका आली की ओळ खोडायची, हा नियम आजपासून.

22 सप्टेंबर

गणपती उरकले, कामाला वेग आला. आजची नोंद मोठी होणार, कारण आप्पांनी कमाल केली.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई; शक म्हणजे मध्य आशियातून आलेले लोक. लेखात देणगीचा व्यवहार इतका तपशीलवार आहे की आप्पा दोन वेळा चष्मा पुसून बसले. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे.

आप्पांनी कागद ओढला. 2000 वर शेकडा 1 म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले 12, बरोबर 240. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही! दुसऱ्या ठेवीचे वर्षाला 90 येतात, ते भिक्खूंच्या बाकीच्या खर्चासाठी. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दफ्तरात नोंदवला असेही लेख सांगतो. पुढे एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, 35 कार्षापण असा भावही दिला आहे. शिवाय नारळाची 8000 झाडे दान.

आप्पा म्हणाले, "मी तीस वर्षे ठेवपावत्या फाडल्या, पण ठेवीची अट दगडावर लिहून घेणारा खातेदार पाहिला नाही." मग थोडा वेळ ते नुसते कागदाकडे बघत राहिले.

हे प्रकरण मी जसेच्या तसे हिशेबासह घालणार आहे. प्राचीन भारत म्हणजे फक्त ध्यान आणि मोक्ष, अशी समजूत घेऊन येणाऱ्या वाचकाला हे पान उघडून दाखवायचे. इथे विणकरांची श्रेणी होती, तिच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास होता, व्याजाचा दर ठरलेला होता आणि नोंद ठेवणारे दफ्तर होते. धर्म आणि हिशेब एकाच भिंतीवर आहेत, आणि कोरणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटलेले नाही.

पावसाळ्यात तीन महिने भिक्खू एका जागी का राहत, ते या प्रकरणात आधी सांगावे लागेल. आपल्या चातुर्मासाची पद्धत ज्याला माहीत नाही त्याला 'वर्षावास' अधांतरी वाटेल.

4 ऑक्टोबर

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सकाळपासून फोन चालू आहेत. गुरुजींनी कंदी पेढे आणले.

गाथासप्तशतीचे प्रकरण याच आठवड्यात लिहायचे होते, हा योग चांगला. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह, भाषा माहाराष्ट्री प्राकृत. यात राजदरबार फारसा नाही. शेतकरी आहे, त्याची बायको आहे, सासू आहे, वाटसरू आहे, गोदावरीचा काठ आहे, कापसाचे शेत आहे. पुष्कळ गाथा बाईच्या तोंडी आहेत आणि ती मोकळेपणाने बोलते.

ताईंचा प्रश्न : शृंगाराचे काय करायचे? शाळांमध्येही पुस्तक जाईल. मी म्हणाले, ठेवायचा. जे दोन हजार वर्षांपूर्वी लाजले नाहीत त्यांच्या वतीने आपण लाजायचे कारण नाही. निवड करताना मात्र गाव, शेत, पाऊस आणि माणसे ज्या गाथांत एकत्र दिसतात त्या आधी घ्यायच्या.

20 ऑक्टोबर

पहिल्या चार प्रकरणांचा कच्चा इंग्रजी मसुदा दोघांना वाचायला दिला होता. एक जर्मनीतल्या शाळाशिक्षिका, ताईंच्या विहीणबाई. दुसरे पुण्यात नोकरी करणारे जपानी अभियंते. दोघांनीही मनापासून वाचले, समासात लिहून पाठवले.

जपानी वाचकाला बौद्ध लेणी जवळची वाटली, पण त्यांचे प्रश्न रोजच्या जगण्याचे होते : भिक्खू काय खात, थंडीत काय पांघरत, पाणी कुठून येई. आप्पांचे हिशेबाचे पान त्यांना सगळ्यांत आवडले. टाक्यांवर आणखी एक परिच्छेद हवा. डोंगरातले पाणी चर खणून टाक्यात कसे वळवत ते ताई आकृतीने दाखवतील.

जर्मन बाईंचा प्रश्न मूळाला हात घालणारा. नाणेघाटच्या लेखात सातवाहनांची राणी नागनिका अश्वमेधासह कितीतरी वैदिक यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाईंच्या दक्षिणा मोजून सांगते. आणि त्याच घराण्यातले लोक भिक्खूंना लेणी आणि शेते देतात. मग यांचा धर्म कोणता होता?

यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. उत्तर असे लिहिले : यज्ञ करणारा राजा भिक्खूंना दान देत असे, आणि त्या काळच्या दख्खनमध्ये ही रीत होती. आजही आपल्याकडे घरात सत्यनारायण घालणारा माणूस दर्ग्यावर चादर चढवतो. घराचा आचार एक आणि दानाचे क्षेत्र व्यापक, एवढे सांगून लगेच नाणेघाट आणि नाशिक ही दोन उदाहरणे समोर ठेवायची. 'सहिष्णुता' हा मोठा शब्द टाळला आहे, कारण पुढच्याच प्रकरणात त्याला अडचण येणार आहे.

10 नोव्हेंबर

ती अडचण आज आली.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख. सातवाहन राजा पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच्या आजीने कोरवला. आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण ती सांगते. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा तो. पण त्याच लेखात तो शक, यवन (म्हणजे ग्रीक) आणि पहलव (म्हणजे पार्थियन) यांचा संहार करणारा आहे, आणि चार वर्णांचा संकर थांबवणाराही आहे.

गटात दोन मते पडली. एकाचे म्हणणे, परदेशी माणसासमोर वर्णसंकराची ओळ कशाला, तेवढी गाळू. मी याला कडाडून विरोध केला. ओळ गाळली तर आपण ओळख करून देत नाही, जाहिरात करतो. वाचक उद्या दुसरीकडे ही ओळ वाचेल तेव्हा आपल्या बाकीच्या 95 पानांवरचा त्याचा विश्वासही जाईल. आणि ज्यांच्या पिढ्यांनी हे भोगले त्यांच्याशी तो अन्याय होईल, हे त्याहून महत्त्वाचे.

उलट, पूर्ण चित्र मांडले तर ते अधिक सत्य आणि अधिक रोचक होते. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी आहे. ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी, म्हणजे शकांच्या घरची. आजीच्या लेखात शकांचा संहार आणि संकराला बंदी, आणि काही वर्षांतच शकांची लेक या घराण्यात सून. शत्रूशी सोयरीक झाली. दगडावरची घोषणा आणि घरातले वागणे यांत अंतर होते, आणि दोन्हीची नोंद आपल्याकडे आहे.

दुसरी जोडी कार्ल्याची. आजी यवनांचा संहार सांगते आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत. स्वतःच्या पैशाने त्यांनी खांब दिले. समोरासमोरच्या दोन पानांवर हे दोन लेख छापायचे ठरले, डावीकडे नाशिक, उजवीकडे कार्ले, मध्ये आमचे भाष्य नाही.

गुरुजी आज माझ्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांनीच शेवटी तोंडावर बोट ठेवून वाद थांबवला.

24 नोव्हेंबर

कोल्हापूर. टाऊन हॉल संग्रहालयातला पोसायडन पाहिला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945 च्या सुमारास सापडलेला, ग्रीक समुद्रदेवाचा छोटा कांस्यपुतळा. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून आलेला.

येताना गाडीत पुन्हा चर्चा पेटली. आमच्यातल्या तरुण मंडळींचे म्हणणे, पुस्तकाची सुरुवात पॉम्पेईच्या हस्तिदंती मूर्तीने करा. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली, 1938 मध्ये सापडलेली भारतीय स्त्रीमूर्ती. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. युरोपातला वाचक पहिल्याच पानावर आपले गाव ओळखेल, असा त्यांचा मुद्दा.

मुद्दा चतुर आहे, पण मला तो नको. रोमच्या घरात आपली मूर्ती सापडली म्हणून आपली संस्कृती मोठी, असा सूर पहिल्या पानावर लागला तर तो पुस्तकभर राहील. रोमने विकत घेतली नसती तरी तेरच्या कारागिराचा हात तितकाच कुशल होता. त्याला दुसऱ्याचे प्रमाणपत्र लागत नाही. मूर्ती आणि पोसायडन दोघेही येतील, व्यापाराच्या प्रकरणात, एकाच पानावर : एक इथून तिकडे गेली, एक तिकडून इथे आला. बरोबरीने.

तरुण मंडळी थोडी हिरमुसली. मग त्यांनीच सुचवले की त्या पानाच्या खाली दोन्ही वाटांचा नकाशा द्यावा. उत्तम सूचना, घेतली.

15 डिसेंबर

कुडे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, माणगाव करत गेलो. महिक या वाटेने आला नसणार. कराडहून त्याला कुंभार्लीच्या बाजूने चिपळूणकडे उतरणे सोयीचे. परतीच्या प्रवासात आम्हीही त्या घाटाने वर आलो, मुद्दाम.

लेणी खाडीच्या वर झाडीत आहेत. वरून पाणी दिसते. दारांजवळच्या भिंतींवर देणगीदारांचे लेख, आणि वाचत गेले की एक बाजारपेठ उभी राहते. वैद्य सोमदेव. एक मालाकार, म्हणजे फुलमाळी. व्यापारी. भिक्खुणी. आणि कराडचा लोखंडविक्या महिक.

गुरुजींनी ब्राह्मी अक्षरांवरून बोट हवेत फिरवत, भिंतीला स्पर्श न करता, एकेक अक्षर वाचले. गावाचे नाव, धंदा, स्वतःचे नाव, आणि हे लेणे माझे धर्मदान. एवढेच. राजाचे नाव नाही, साल नाही, बढाई नाही. कार्ल्याला वैजयंती नगराचा श्रेष्ठी भूतपाल आपले शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे सांगतो, आणि ते जवळपास खरेही आहे. पण महिकाच्या ओळीचा मला जास्त लोभ आहे. त्याने घाटावरचा धंदा सांभाळला, समुद्राजवळच्या डोंगरात भिक्खूंसाठी खोल्या खोदवल्या आणि आपल्या गावाचे नाव तिथे लिहून ठेवले. आज कराडच्या एसटी स्टँडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

संध्याकाळी गुरुजी आपण होऊन म्हणाले, "लिहा पहिले प्रकरण. महिकापासूनच लिहा."

29 डिसेंबर

पहिले प्रकरण लिहून झाले, सहा पाने. महिकाच्या एका ओळीतून पाच वाटा फुटतात आणि पुस्तकाची पुढची प्रकरणे त्याच वाटांनी जातात : गाव आणि बाजार, घाट आणि बंदर, धंदे आणि श्रेणी, भिक्खू आणि लेणी, आणि सगळ्यांत शेवटी राजे. या वाटांवरच्या करांवर जो पोसला गेला त्या राजाला आता योग्य जागा मिळाली. नाणेघाटातला रांजण, ज्याला परंपरेने जकातीचा रांजण म्हणतात, त्याचे चित्र या शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी. जोगळटेंभीचा नाण्यांचा साठाही इथेच : 1906 मध्ये नाशिकजवळ सापडलेली नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. लढाईचे वर्णन करायची गरजच उरत नाही, नाणे दाखवले की झाले.

12 जानेवारी 2025

नकाशे तपासले. हैदराबादच्या एका स्नेह्यांनी मसुदा वाचून लिहिले की तुमच्या नकाशात पूर्व किनारा रिकामा दिसतो. त्यांचे म्हणणे योग्य. पुराणे या राजांना आंध्र म्हणतात, अमरावतीचा स्तूप त्यांच्याच काळात वाढला, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र असलेली नाणी तिकडची. पैठण आपले आणि अमरावतीही आपली, असे दोन्हीकडच्या लोकांना म्हणता यावे एवढे मोठे हे राज्य होते. राजांची प्रतिमा असलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेत नाव आहे. राजालाच दोन्ही वाचक हवे होते. नकाशा समुद्रापासून समुद्रापर्यंत पुन्हा काढायला दिला. ताईंना दोन रात्री जागावे लागेल, त्या हसून तयार झाल्या.

2 फेब्रुवारी

जर्मन बाईंनी पहिले प्रकरण पुन्हा वाचले. आता त्यांचा एकच प्रश्न : महिकाचे लोखंड येई कुठून?

गॅझेटिअर काढले. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्यातून लोखंड गाळत, एकोणिसाव्या शतकापर्यंत. सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा, कासचा सडाही त्याचाच, लोहयुक्त असतो. ही माहिती पहिल्या प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या चौकटीत दिली. मधल्या अठराशे वर्षांवर पूल बांधायचा नाही; महिकाचे नाव चौकटीत येणार नाही याची काळजी घेतली. कासला येणारा पाहुणा फुले बघताना पायाखालच्या दगडाकडेही बघेल, तेवढे पुरे.

9 फेब्रुवारी

डमी हातात आली. मुद्रितशोधन गुरुजींनी आणि मी आलटून पालटून केले. चित्र आणि लेख समोरासमोर येतील अशी पाने पुन्हा लावली. त्यासाठी राजांच्या प्रकरणातला एक परिच्छेद गुरुजींनी स्वतः कापला. 96 पानांत बसले.

काकांना फाईल दिली. आतला कागद मॅपलिथो, ताईंच्या रेखाटनांना चकचकीत कागद शोभत नाही. पाठीला शिलाई, चिकटवलेली नको. पुस्तक सपाट उघडले पाहिजे, नाहीतर समोरासमोरच्या पानांचा उपयोग नाही.

पुढची बैठक 23 तारखेला. विषय दोन : जखिणवाडीच्या शाळेला प्रती कोण नेऊन देणार, आणि मराठी आवृत्ती. आप्पांचे म्हणणे आहे की मूळ मसुदा मराठीतच आहे तर ती आधी यायला हवी होती. मलाही तसेच वाटते. गाथासप्तशतीचे प्रकरण मराठी वाचकासाठी दुप्पट करायचे, कार्ल्याच्या सुताराचा, म्हणजे वेणुवासाचा मुलगा सामी याचा, लेख आत घ्यायचा. काकांना सातव्या फर्म्याचे विचारायचे आहे.